भिंत नसलेली नळी

राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात (२०२०) दुसरे प्रकरण द्रायूंच्या, म्हणजे द्रव आणि वायू यांच्या, यांत्रिक गुणधर्मांचे आहे. दाब, पृष्ठताण, रेनॉल्ड्स अंक, श्यानता, सांतत्य समीकरण आणि अखेरीस बर्नुलीचे समीकरण असा त्याचा प्रवास आहे. बर्नुलीनंतर उपयोग म्हणून टाकीच्या भोकातून निघणारी धार, व्हेंचुरी नळी, विमानाचे उड्डाण, फवारणीची नळी आणि वादळात उडणारे छप्पर येते. प्रकरण नेटके आहे, व्याख्या स्वच्छ आहेत, आणि रेनॉल्ड्स अंकाला त्यात जागा मिळाली आहे ही तर चांगलीच गोष्ट आहे. आमची तक्रार एकाच गोष्टीबद्दल आहे, पण ती लहान नाही. या प्रकरणातल्या नळीला भिंत नाही.

आकृतीत भिंत असते. दोन समांतर रेषा काढलेल्या असतात, मध्येच त्या जवळ येतात, आणि बाण दाखवतात की अरुंद जागी पाणी जोरात जाते. पण त्या रेषा पाण्याला जाणवत नाहीत. पाणी त्यांच्या अंगाने सरकते आणि त्या पाण्याला जराही अडवत नाहीत. बर्नुलीच्या समीकरणाआधी 'द्रायू श्यानतारहित आहे असे मानू' असे एक वाक्य येते. गंमत अशी की त्याच प्रकरणात थोडे आधी विद्यार्थी श्यानता शिकलेला असतो, थरांमधले घर्षण शिकलेला असतो, स्टोक्सच्या नियमावर गणिते करून बसलेला असतो. ते सगळे या एका वाक्याने दाराबाहेर ठेवले जाते आणि पुन्हा आत बोलावले जात नाही.

कोणी म्हणेल, यात वावगे काय? भौतिकशास्त्र असेच शिकवतात. फेकलेल्या चेंडूचा मार्ग शिकवताना हवेचा अडथळा आपण सोडतोच ना? सोडतो, आणि तिथे ते शोभते, कारण हाताने फेकलेल्या चेंडूवर हवेचा परिणाम थोडा असतो. उत्तरात थोडी दुरुस्ती केली की भागते. नळीतल्या पाण्याचे तसे नाही. तिथे भिंतीचे घर्षण ही दुरुस्ती नसून बहुतेक वेळा तेच संपूर्ण उत्तर असते. हे नुसते विधान म्हणून पटणार नाही, म्हणून आकडे घेऊन पाहू.

भोर आणि वेल्हे (आता राजगड) हे दोन्ही तालुके डोंगराचे. १४०३ मीटर उंचीच्या तोरण्याच्या पायथ्याला वेल्हे गाव आहे. अशा मुलखात वरच्या झऱ्यावर टाके बांधायचे आणि काळ्या पॉलिथिनच्या पाईपाने पाणी वाडीपर्यंत उतरवायचे, हा पंपाशिवायचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. वीज लागत नाही, डोंगर स्वतःच पंप होतो. समजा, टाके वाडीपेक्षा ४० मीटर उंच आहे, पाईप १२०० मीटर लांब आहे आणि त्याचा आतला व्यास २५ मिलिमीटर आहे. वाडीतल्या तोटीतून किती पाणी पडेल?

पुस्तक वाचलेला हुशार विद्यार्थी धारेच्या वेगाचे सूत्र लावील. दोन गुणिले ९.८ गुणिले ४०, त्याचे वर्गमूळ, म्हणजे सेकंदाला २८ मीटर. पाईपाच्या छेदाने गुणले की सेकंदाला १३.७ लिटर. पंधरा लिटरचा हंडा जेमतेम एका सेकंदात भरला पाहिजे! वाडीतल्या कोणत्याही बाईला हे उत्तर सांगून पाहावे. ती हसेल, आणि तिचेच बरोबर असेल.

(हे सूत्र इथे त्याच्या स्वतःच्या नियमांनीही टिकत नाही. ते टाकीला पडलेल्या भोकाचे आहे, खाली उतरणाऱ्या लांब नळीचे नाही. घर्षण नसलेली नळी पूर्ण भरून २८ मीटर वेगाने वाहायची असेल, तर तिच्या वरच्या तोंडाशी दाब वातावरणाच्या दाबापेक्षा ४० मीटर पाण्याइतका कमी व्हावा लागेल. वातावरणाचा सगळा दाब मिळून दहा मीटर पाण्याचा. म्हणजे पाण्याचा खांब तुटेल आणि नळीत धबधबा सुरू होईल. पुस्तकातल्या नळीला भिंत दिली नाही, तर ती भरलेलीसुद्धा राहत नाही.)

आता भिंत परत आणू. फ्रान्समधल्या दीझों शहराला पाणी आणणारा अभियंता आन्री दार्सी याने पाईपांवर पुष्कळ प्रयोग केले आणि १८५७ साली ते प्रसिद्ध केले. त्यातून, आणि त्याच काळातल्या वाइसबाख या जर्मन अभियंत्याच्या कामातून, आलेले सूत्र आजही जगभर वापरतात. घर्षणात खर्च होणारी उंची ही लांबी भागिले व्यास या गुणोत्तराच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि प्रमाणांक म्हणून एक घर्षणांक असतो. आपल्या पाईपात लांबी भागिले व्यास म्हणजे ४८ हजार. घर्षणांक सुमारे ०.०२७. हिशोब केला तर वेग येतो सेकंदाला पाऊण मीटरहून थोडा जास्त, ०.७८ मीटर. प्रवाह सेकंदाला ०.३८ लिटर, म्हणजे मिनिटाला २३ लिटर. हंडा भरायला ४० सेकंद. हे वाडीतल्या बाईला पटेल.

दोन उत्तरांत छत्तीस पटींचा फरक आहे. त्याहून बोलका आकडा दुसरा. सेकंदाला ०.७८ मीटर वेगासाठी लागणारी उंची फक्त ३ सेंटीमीटर आहे. ४० मीटर उतारातले ३ सेंटीमीटर पाण्याला वेग देण्यात गेले आणि उरलेले ३९ मीटर ९७ सेंटीमीटर भिंतीने खाल्ले. बर्नुलीचे समीकरण त्या ३ सेंटीमीटरांचा हिशोब अत्यंत काटेकोरपणे करते.

याचा परिणाम वर्गापुरता राहत नाही. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी घरी नळाने देण्याचे माप ठरवले आहे. आपला पाईप चोवीस तास वाहता ठेवून खाली टाकीत पाणी साठवले, तर दिवसाला ३३ हजार लिटर मिळतात, म्हणजे सहाशे माणसांचे पाणी. तोच पाईप दिवसातून दोनच तास सोडला तर २७५० लिटर, म्हणजे पन्नास माणसांचे. वाडी तीच, झरा तोच, पाईपही तोच. खाली टाकी आहे की नाही यावर सगळे ठरते. हे गणित दहावीच्या मुलालाही येईल, पण त्यासाठी ०.३८ हा आकडा हातात असायला हवा, आणि पुस्तक तो देत नाही.

किंवा व्यासाचा प्रश्न घ्या. पाईप दुप्पट जाडीचा घेतला तर पाणी किती पट येईल? सांतत्य समीकरण पाठ असलेली मुले 'चौपट' म्हणतात, कारण छेद चौपट होतो. ज्यांनी प्वाझेयचा नियम वाचला आहे ती 'सोळा पट' म्हणतात. डोंगरावरच्या आपल्या पाईपात उत्तर सुमारे साडेसहा पट येते. २५ ऐवजी ३२ मिलिमीटर आतला व्यास घेतला तरी पाणी जवळजवळ दुप्पट होते. पाईपाच्या खरेदीच्या वेळी ग्रामपंचायतीत कोणाला तरी हे ठाऊक असले, तर स्वस्तातला बारीक पाईप घेऊन पुढची वीस वर्षे कुरकुरत बसण्याची वेळ येणार नाही.

सोळा पट का नाही, हे सांगण्यासाठीच रेनॉल्ड्स अंक आहे. ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने १८८३ साली मँचेस्टरमध्ये काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून दाखवले की वेग कमी असताना धार दोऱ्यासारखी सरळ जाते आणि एका मर्यादेपुढे ती अचानक विस्कटून सगळ्या नळीत पसरते. पहिला प्रवाह थराथराने जाणारा, म्हणजे प्रस्तरीय, आणि दुसरा क्षुब्ध. नळीसाठी ही मर्यादा रेनॉल्ड्स अंक दोन हजारांच्या आसपास असताना येते. पुस्तकात हे आहे, पण पुस्तक विद्यार्थ्याला आपल्याच शाळेच्या नळाचा अंक काढायला सांगत नाही. १५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळातून १५ लिटरची बादली सव्वा मिनिटात भरत असेल, तर अंक सतरा हजार येतो. डोंगरावरच्या पाईपात एकोणीस हजार. घरातल्या, शाळेतल्या, शेतातल्या पाण्याच्या नळांत प्रवाह जवळजवळ नेहमी क्षुब्धच असतो. पुस्तकाच्या आकृतीतले सुबक समांतर थर आपल्याला भेटतात ते सलाईनच्या नळीत आणि केशनलिकांत. जे जवळजवळ कुठेच नसते ते आकृतीत आणि जे सगळीकडे असते ते एका वाक्यात, हे प्रमाण उलटे झाले आहे.

आता वरच्या वाडीचा प्रश्न पाहू. पाईपाच्या निम्म्या वाटेवर, टाक्यापासून ६०० मीटरवर, दुसरी एक छोटी वाडी आहे असे समजा. तिथली जमीन टाक्यापेक्षा १५ मीटर खाली आहे. खालच्या वाडीची तोटी बंद असते तेव्हा वरच्या वाडीला १५ मीटरचा चांगला दाब मिळतो. खालची तोटी पूर्ण उघडली की पाणी धावू लागते आणि दर ३० मीटर पाईपामागे एक मीटर उंची खर्च होते. ६०० मीटरवर २० मीटर खर्च झाले. जमीन मात्र १५ मीटरच उतरली आहे. म्हणजे त्या जागी पाईपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा ५ मीटरने कमी आहे. वरच्या वाडीतली तोटी उघडली तर पाणी येण्याऐवजी ती हवा आत ओढून घेईल. एखादा सांधा सैल असेल आणि तिथे गुरांच्या पाण्याचे डबके साचले असेल, तर ते डबकेही आत ओढले जाईल.

'खालचे लोक आमचे पाणी पळवतात' ही तक्रार मग कानावर येते. खालच्यांनी मुद्दाम काही केलेले नसते. दाबाची रेषा जमिनीच्या खाली गेली एवढेच. जलअभियंते या रेषेला जलदाबउतार म्हणतात आणि नकाशावर ती आधी काढतात. कालव्यात ही रेषा डोळ्यांना दिसते, कारण पाण्याचा पृष्ठभाग म्हणजेच ती. १९२८ साली पुरे झालेल्या भाटघर धरणाचे पाणी पुढे नीरेच्या कालव्यांतून जाते आणि तिथला शेतकरी काठावर उभा राहून पाणी कुठे चढले, कुठे उतरले ते पाहू शकतो. पाईपात ती दिसत नाही. वेल्ह्यातल्या गुंजवणी धरणाचे पाणी वेल्हे, भोर आणि पुरंदर या तालुक्यांतल्या शेतीला उघड्या कालव्याऐवजी बंदिस्त नलिकांतून द्यायची योजना आहे. झिरपणे आणि बाष्पीभवन वाचते, जमीन कमी अडते, दरी-टेकाडे ओलांडता येतात, हे फायदे खरे आहेत. परंतु कालवा समजायला शाळा लागत नव्हती, नळी समजायला लागते. शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी कमी का मिळते हा वाद उद्या याच तालुक्यांत होईल तेव्हा त्या गावचा विज्ञानशिक्षक काय सांगणार? अरुंद जागी पाणी जोरात जाते, हे?

नळी समजून न घेण्याची किंमत या भागाने एकदा मोजली आहे. पानशेत धरण वेल्हे तालुक्यातले. १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले, त्याच दिवशी खालचे खडकवासला धरणही फुटले आणि पुण्यात पूर आला. पुराच्या आठवणी पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. धरण कसे फुटले याबद्दल मात्र शाळेच्या भौतिकशास्त्रात एक ओळ नाही, आणि ती कहाणी तर नळीचीच आहे. धरण मातीचे, काम अपुरे, आणि भरावाखालून पाणी सोडण्यासाठी एक काँक्रीटची नळी. तिच्या दारांचे काम पुरे झालेले नव्हते आणि तिच्या काँक्रीटमध्ये सळई नव्हती. तांत्रिक लिखाणात दिलेले कारण असे की या नळीतून पाणी कधी पूर्ण भरून दाबाखाली, तर कधी वर हवा ठेवून अर्धवट भरून वाहू लागले. या दोन अवस्थांमध्ये प्रवाह हेलकावत राहिला की अडकलेली हवा दाबली जाते, सुटते, आणि प्रत्येक वेळी भिंतीला धक्का बसतो. नळी तडकली, तिच्यावरचा भराव खचत गेला आणि शेवटी खचलेल्या जागेवरून पाणी वाहू लागले. मातीच्या धरणावरून पाणी गेले की ते धरण राहत नाही.

केवळ नळीने धरण फोडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. अपुऱ्या धरणात त्या पावसाळ्यात पाणी साठवण्याचा निर्णय माणसांनी घेतला होता. पण भरलेली नळी आणि अर्धी भरलेली नळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्या सीमेवर धोका आहे, एवढे तरी बारावीच्या विद्यार्थ्याला माहीत हवे. जुन्या बांधकाम करणाऱ्यांना हवेचे महत्त्व कळत होते. कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे पाणी आणणाऱ्या पेशवेकालीन नळावर जागोजागी उच्छ्वास बांधलेले आहेत. नाव किती नेमके! नळाने श्वास सोडावा म्हणून ठेवलेली वाट. त्यांच्याकडे समीकरण नव्हते, भिंत आणि हवा मात्र त्यांच्या विचारात होती.

आतापर्यंत प्रवाहाबद्दल बोललो. उष्णतेच्या बाबतीत पुस्तकांची कसूर आणखी मोठी आहे, कारण तिथे दोन पाठांची गाठच पडत नाही. वहन, अभिसरण आणि प्रारण अकरावीला, द्रायूंचा प्रवाह बारावीला. उष्णतेच्या पाठात अभिसरण म्हणजे चंचुपात्रातले तापणारे पाणी वर जाणे आणि फार तर समुद्रावरचे वारे. नळीतून जाणारे पाणी भिंतीकडून उष्णता कशी घेते हा प्रश्न दोन्ही इयत्तांच्या मधल्या फटीत पडतो. बॉयलर, मोटारीचा रेडिएटर, फ्रिजमागची जाळी, सौर बंब, दूध तापवण्याचे यंत्र हे सगळे त्या फटीतच आहे.

आपला काळा पाईप पुन्हा घेऊ. तो उघड्यावर पडलेला आहे आणि एप्रिलची दुपार आहे. बाहेरचा व्यास ३२ मिलिमीटर धरला आणि उन्हाची तीव्रता दर चौरस मीटरला ८०० वॅट धरली, तर पाईपाचे एक मीटर सुमारे २३ वॅट उष्णता शोषते. एका मीटरमध्ये अर्धा लिटर पाणी असते. तोटी बंद असेल तर हे पाणी सुरुवातीला मिनिटाला ०.७ अंश सेल्सिअस या गतीने तापू लागते. पाईप तापला की वारा आणि प्रारण उष्णता नेऊ लागतात आणि ही गती मंदावते, पण दुपारी तोटी उघडल्यावर पहिले हंडे चटका देणारे का येतात ते यावरून कळते. तोटी उघडी असेल तर पाणी १२०० मीटरची वाट २६ मिनिटांत काटते. बाहेर काहीच उष्णता गेली नाही असे मानले तर ते १७ अंशांनी तापून खाली पोहोचेल. प्रत्यक्षात त्याहून कमी. पाईप हातभर खोल पुरला तर यातले बहुतेक टळते, आणि पाण्यात घातलेला क्लोरीनही जास्त टिकतो, कारण तो उष्णतेने लवकर संपतो.

खरी मौज पाईपाच्या आतल्या भिंतीशी आहे. हे २३ वॅट भिंतीतून पाण्यात शिरताना भिंत पाण्यापेक्षा किती तापते? प्रवाह क्षुब्ध असेल तर हिशोबाने फक्त एक दशांश अंश. तीच उष्णता प्रस्तरीय प्रवाहात न्यायची झाली तर जवळजवळ तीन अंश. तीस पटींचा फरक! कारण समजायला सोपे आहे. भिंतीला चिकटलेले पाणी हलत नाही, तिथे वेग शून्य असतो. प्रस्तरीय प्रवाहात उष्णतेला थरामागून थर ओलांडत वहनानेच आत जावे लागते, आणि पाणी उष्णतेचे वाईट वाहक आहे. क्षुब्ध प्रवाहात भोवरे मधले थंड पाणी भिंतीजवळ आणून टाकतात आणि भिंतीजवळचे तापलेले पाणी मध्ये घेऊन जातात.

हेच भोवरे मधल्या पाण्याचा वेगही भिंतीपाशी आणून टाकतात, आणि भिंत तो गिळते. त्यालाच आपण घर्षण म्हणतो. म्हणजे ज्या वाहतुकीमुळे ४० मीटर उंची खर्च झाली तीच वाहतूक उष्णता आत नेते. रेनॉल्ड्सने हे साम्य १८७४ मध्येच दाखवले होते, रंगाच्या धारेच्या प्रयोगाच्याही आधी. यंत्र बनवणाऱ्याला म्हणून नेहमी सौदा करावा लागतो. उष्णता भराभर हवी असेल तर पाणी जोरात ढवळून न्या आणि पंपाचे बिल भरा. बिल वाचवायचे असेल तर लांब, रुंद नळी घ्या. दोन्ही एकदम मिळत नाही. नळीला भिंत नसेल तर हा सौदा दिसतच नाही, कारण घर्षणही भिंतीशी आणि उष्णताही भिंतीशी.

दुधाचे उदाहरण वर्गात हमखास चालते. पाश्चरीकरणाच्या एका प्रचलित पद्धतीत दूध ७२ अंशांना तापवून १५ सेकंद त्या तापमानाला ठेवतात. हे १५ सेकंद दूध एका ठरावीक लांबीच्या नळीतून जाण्यात घालवते. मुलांना विचारावे, नळी किती लांब हवी? ती सरासरी वेग गुणिले १५ म्हणतील. पण भिंतीजवळचे दूध रेंगाळते, म्हणून मधले दूध सरासरीपेक्षा जोरात पळते. प्रस्तरीय प्रवाहात बरोबर दुप्पट, क्षुब्ध प्रवाहात सुमारे सव्वापट. सरासरीवर नळी कापली तर मधले दूध वेळेआधी बाहेर पडेल, आणि त्यात एखादा जंतू जिवंत असेल तर सरासरीचा आधार काय कामाचा? नळीची लांबी सर्वांत वेगाने पळणाऱ्या थेंबाला धरून ठरवावी लागते.

हे सगळे शाळेत शिकवायला अवघड आहे, प्रयोगशाळा लागेल, असा आक्षेप येईल. भोर-वेल्ह्याच्या शेजारी खडकवासल्याला १९१६ पासूनचा वारसा असलेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तिथे धरणांच्या आणि नद्यांच्या लहान प्रतिकृतींवर पाणी सोडून अभ्यास केला जातो. शाळेला त्यातले काहीच नको. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाईप पुरे. ८ मिलिमीटर आतल्या व्यासाचा दहा मीटर पाईप घ्या, बादली उंच ठेवून तिच्यातल्या पाण्याच्या पातळीखाली बरोबर एक मीटरवर पाईपाचे तोंड धरा आणि एक लिटरचे माप भरायला लागणारा वेळ मोजा. बादलीतली पातळी मधूनमधून पाणी ओतून कायम ठेवा. पुस्तकातल्या सूत्राने साडेचार सेकंद यायला हवेत. तुम्हाला तीस सेकंदांच्या आसपास वेळ मिळेल. मग पाईप कापून पाच मीटर करा आणि तोंड पुन्हा त्याच पातळीला धरा. वेळ निम्मा होणार नाही, बावीस सेकंदांच्या जवळ येईल. लांबी निम्मी झाली तर प्रवाह दुप्पट व्हायला हवा, असे प्रस्तरीय प्रवाहाचा नियम सांगतो. इथे तो जेमतेम दीडपट होतो. पुन्हा अडीच मीटर करा, पुन्हा मोजा. पाईप कापावा लागतो, एवढाच खर्च. वर्गातले कोणी तरी विचारीलच की दुप्पट का नाही, आणि तिथून रेनॉल्ड्स अंक शिकवायला सुरुवात करता येईल.

दुसरा प्रयोग याहून सोपा. बागेला पाणी घालायचा जुना पाईप जमिनीवर सपाट पसरा, दर मीटरला सुईने वरच्या बाजूला एक भोक पाडा आणि शेवटचे तोंड उघडे ठेवून नळ सोडा. पुस्तकातल्या नळीत सगळीकडे जाडी तीच, वेग तोच, म्हणून दाबही तोच, आणि तोंड उघडे असल्याने तो वातावरणाइतकाच. म्हणजे एकही कारंजे उडायला नको. अंगणात मात्र नळाजवळचे कारंजे सर्वांत उंच उडते आणि पुढची कारंजी पायरीपायरीने उतरत शेवटाला नाहीशी होतात. कारंज्यांची टोके जोडणारी रेषा म्हणजे तोच जलदाबउतार. पाईपाचे तोंड अंगठ्याने दाबून धरले की सगळी कारंजी एका उंचीची होतात. अंगठा काढला की रेषा पुन्हा तिरकी. खालच्या वाडीने तोटी उघडल्यावर वरच्या वाडीत काय होते, ते मुलांना अंगणातच दिसते.

पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत काय हवे याची आमची मागणी माफक आहे. विमान आणि उडणारे छप्पर थोडे आवरते घेतले तरी चालेल. तिथले स्पष्टीकरण तसेही फार घाईचे असते. त्या जागी दार्सीचे सूत्र एक पानभर द्यावे, घर्षणांकाचा एक तक्ता द्यावा, आणि गणितांत उंची, लांबी, व्यास देऊन तोटीतून किती पाणी येईल असे विचारावे. 'श्यानतारहित मानू' हे वाक्य ठेवावे, फक्त त्यापुढे ही कल्पना कुठे चालते आणि कुठे चालत नाही हे लिहावे. टाकीच्या भोकाला आणि आखूड व्हेंचुरी नळीला ती चालते. लांब नळीला चालत नाही. अकरावीच्या उष्णतेच्या पाठात नळीतल्या पाण्यावर एक परिच्छेद आला, तर दोन इयत्तांमधली ती फटही थोडी बुजेल.